अभ्यासिकेत व्हेंडिंग मशीन बसवावं का?

तुम्ही विचारलंय, नागपुरात तुमची अभ्यासिका रात्री १२ पर्यंत सुरू असते, तर मुलांसाठी मशीन ठेवावं का. ठेवा, पण रात्रीसाठी.

एमपीएससीच्या नादात मी ३ वर्षं अशाच एका अभ्यासिकेत काढली. दिवसा खाली टपरी असते, कोपऱ्यावर तर्री-पोहेवाला असतो, त्या निमित्ताने पायही मोकळे होतात. पंचाईत होते ती दहानंतर. टपऱ्या बंद, डबा कधीचाच संपलेला. मुलं गाडी काढून गणेशपेठच्या एसटी स्टँडकडे जायची. गेलेला गडी तासाभराने यायचा, कधी यायचाच नाही. मुली एवढ्या रात्री खाली उतरत नसत, पाण्यावरच भागवायच्या. मशीन खरं त्यांच्यासाठी.

आमच्याकडे मशीन नंतर आलं, पण ते हॉलमध्येच ठेवलं होतं. स्प्रिंग फिरली की बाटली धाडकन खाली, आणि सगळ्या माना वर. (कूलरच्या घरघरीची सवय होते बाप्पा, धाडकनची होत नाही.) शिवाय थंड मशीनचा कॉम्प्रेसर गरम हवा बाहेर फेकतो. मे महिन्यात पारा ४५ वर, कूलर आधीच हरलेला, त्यात ही भर. पण उन्हातल्या गॅलरीतही नको. हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये, मागे हवा खेळेल एवढी जागा सोडून ठेवा.

एकदा माझे यूपीआयने पैसे कापले गेले आणि चिवडा स्प्रिंगमध्येच लटकला. आठवडाभर तो काचेतून बघत होतो. म्हणून अडकलेले पैसे कोण, किती दिवसांत परत करणार, हे आधी ठरवा. बहुतेकदा माल मशीनवालाच भरतो, जागा आणि वीज तुमची. विजेचे पैसे कोण देणार ते कागदावर घ्या, जमलं तर सबमीटर, म्हणजे मशीनपुरता वेगळा मीटर, लावा.

माल म्हणाल तर पाणी, ताक, फुटाणे, चिक्की. चिप्सचं पाकीट शेजारी फोडलं की काय होतं, ते शेजारच्याला विचारा! एका रांगेत पेन नि रिफिली ठेवा, रात्री ११ ला त्याच सोन्याच्या. चहा-कॉफीचं मशीन मात्र टाळा. ते रोज धुवावं लागतं, आणि दोन दिवस राहिलं की आंबूस वास नि मुंग्या.

कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या, मशीनच्या शेजारीच. आमच्याकडे नव्हता. झुरळं आधी रिकाम्या पाकिटांत आली, मग जुन्या पुस्तकांच्या बाइंडिंगची खळ खायला कपाटात शिरली.