हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : वय ४१. वेल्हे (आता राजगड) तालुक्यात, तोरण्याच्या मागच्या अंगाला, माझ्या जोडीदाराच्या चार एकरांवर आम्ही दोघं नऊ वर्षं राहतो. भात, नाचणी, म्हशी. बार्शीकडे वडिलांच्या तीन एकरांच्या सातबाऱ्यावर भावासोबत माझंही नाव आहे. भाऊ सहा लाख देतो म्हणतो, हक्कसोडपत्र मागतो. बँकेतल्या साहेबांनी पॉलिसी सुचवली आहे : वर्षाला एक लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी वीस लाख हमखास. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. दहा हप्ते एकेक लाखाचे आणि विसाव्या वर्षी वीस लाख, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के पडतात. हेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरले तर आजच्या ७.१ टक्के दराने तेवढ्याच काळात साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. शिवाय हातात येणार सहा लाख. सातव्या वर्षाचा हप्ता कुठून भरायचा? दुधातून महिन्याला बारा हजार सुटतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यातले आठ हजार हप्त्याला गेले तर पेंड कशाने आणायची? साहेबांनी एवढंही विचारलं नाही, याचा मला संताप येतो. जमिनीचा पैसा घेऊन आलेल्या माणसापुढे ‘हमखास’ हा शब्द ठेवायचा आणि सही घ्यायची, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आता तुम्ही न विचारलेलं.

तुमचं पत्र दूध संकलनाच्या पावत्यांच्या पाठीवर आहे. एकीच्या मागे लिहिलंय की पहिल्याच वर्षी लावणीच्या दिवसांत तुम्हाला ताप भरला, ओढा चढल्याने रस्ता बंद होता, आणि जोडीदार रात्रभर उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत राहिला. पहाटे त्याने चुलीवर आंबील केली. ‘कामाला आलो होतो, त्या दिवसापासून मजूर राहिलो नाही,’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच पावतीवर खाली हिशोब आहे : बोअर पावणेदोन, गोठा अडीच, छप्पर आणि न्हाणी पावणेचार, पाइपलाइन एक. नऊ लाख झाले, सगळे रोख, आणि सातबाऱ्यावर नाव एकट्या त्याचं.

उद्या त्याला काही झालं तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमच्यासारखं समलिंगी नातं गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढलं, पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तुम्ही त्याचे कोणीच लागत नाही. मृत्युपत्र नसेल तर जमीन, घर, गोठा सगळं त्याच्या आईकडे जाईल आणि तिच्यानंतर त्याच्या भावाकडे. तुमच्या नऊ लाखांची एक चिठ्ठीही नाही.

जमीन त्याने स्वतःच्या कमाईतून घेतली आहे, म्हणजे ती हवी त्याला देण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्याने मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक डॉक्टर असला तर उत्तम. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे कराच.

आणि इथेच तुमचा मूळ प्रश्न अडतो. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे परवानगीशिवाय जाऊ देत नाही. मृत्युपत्रानेही ती अशी देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात ठरवलं. तिथलं कलम आपल्याच जुन्या मुंबई प्रांताच्या कायद्यातलं आहे. बार्शीच्या सातबाऱ्यावरचं नाव हा आज तुमचा शेतकरी असल्याचा एकमेव कागद. तोच सहा लाखांना सोडलात तर जोडीदाराने कितीही प्रेमाने मृत्युपत्र केलं, तरी त्याचा भाऊ त्यावर बोट ठेवू शकेल. तुमच्या भावाला सांगा, पूर्ण हक्क सोडणार नाही. थोडा हिस्सा नावावर ठेवून बाकीचा देता येतो का, हे जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला विचारा. वकिलाचे दहा-पंधरा हजार जातील, जाऊ द्या.

बक्षीसपत्राने आत्ताच अर्धी जमीन नावावर करावी असं कोणी सुचवेल. नवरा-बायको किंवा मुलांना मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत तुम्हाला नाही, पूर्ण शुल्क भरावं लागेल. ऐपत होईल तेव्हा बघू.

बँकेचं मात्र याच आठवड्यात करा. संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला समलिंगी जोडप्यांना आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. दुधाचे पैसे त्या खात्यात येऊ द्या, खर्च त्यातूनच करा. आरोग्य विमा दोघांचा वेगवेगळा घ्या. भावाकडून काही आलंच तर आधी दीड लाख मुदत ठेवीत अडीअडचणीला, उरलेलं वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत पीपीएफमध्ये.

शेवटच्या पावतीवर तुम्ही लिहिलंय, ‘त्याला मृत्युपत्राचं विचारू कसं? जमिनीसाठी राहिलो असं वाटेल.’ मग आधी तुमचं करा. बार्शीचा हिस्सा आणि खात्यातले पैसे त्याच्या नावे लिहा, तो कागद त्याच्या हातात द्या, आणि मग म्हणा, आता तुझं. हे पत्रही त्याला वाचून दाखवा. लावणी सुरू व्हायच्या आत दोघांनी एकाच दिवशी वेल्ह्याला उतरून दोन्ही कागद उरका; पावसात ओढा चढला की पुन्हा चार महिने राहून जाईल.