होरीचे ‘मरजाद’ आणि आपली ‘मर्यादा’

प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील काही प्रकरणे हौसेने मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. कादंबरीचा नायक, शेतकरी होरी, याच्या तोंडी वारंवार येणाऱ्या ‘मरजाद’ या शब्दासाठी त्यांनी सर्वत्र ‘मर्यादा’ असे लिहिले आहे, कारण दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. परंतु वाचताना काहीतरी खटकते, ते काय, ही पहिली शंका. प्रस्तावनेत त्यांनी ‘प्रेमचंदांचा यथार्थवाद’ असा शब्दप्रयोग केला आहे, तो मराठीत चालेल का, ही दुसरी.

दुसरीचे उत्तर थोडक्यात देता येते. हिंदीत ‘यथार्थ’ म्हणजे जे जसे आहे ते, म्हणजेच वास्तव. तिथे तो नाम म्हणूनही सर्रास वापरला जातो. मराठीत ‘यथार्थ’ हे मुख्यतः विशेषण किंवा क्रियाविशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘साजेसे, योग्य, अर्थाला धरून’ असा होतो. आपण कोणाचा यथार्थ गौरव करतो, एखाद्याला यथार्थतेने लोकनेता म्हणतो. ‘मला यथार्थ कळले’ असे मात्र ‘मला वास्तव कळले’ या अर्थाने म्हणत नाही. म्हणून हिंदीतील ‘यथार्थवाद’ मराठीत ‘वास्तववाद’ होतो, आणि प्रेमचंदांनी स्वतःच्या कादंबरीविषयक भूमिकेसाठी वापरलेली ‘आदर्शोन्मुख यथार्थवाद’ ही संज्ञा ‘आदर्शोन्मुख वास्तववाद’ अशी आणावी. ‘यथार्थवाद’ तसाच ठेवला तर मराठी वाचकाला तो औचित्याचा एखादा सिद्धांत वाटण्याचा संभव आहे.

पहिली शंका अधिक खोलात नेणारी आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, हे पत्रलेखकाचे म्हणणे बरोबरच आहे. संस्कृत ‘मर्यादा’ म्हणजे सीमा, हद्द, काठ. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त सुंदरकांडाच्या शेवटी रामाला शरण आलेला समुद्र ‘मरजादा पुनि तुम्हरी कीन्ही’ असे म्हणतो, तेव्हा माझी सीमा तुम्हीच घालून दिलेली आहे, असा त्याचा आशय असतो. हाच अर्थ आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर जिवंत आहे: वाळूवर पसरणाऱ्या, जांभळट फुलांच्या ज्या वेलीपुढे भरतीचे पाणी सहसा येत नाही, तिला आपण मर्यादवेल म्हणतो. (असे नाव ज्या कोणी ठेवले, त्याला संस्कृत येत असो वा नसो, भाषा मात्र उत्तम येत होती.) इथपर्यंत हिंदी आणि मराठी सोबत चालतात. त्यानंतर वाटा फुटतात.

मराठीत ‘मर्यादा’ शब्दाने आदराचा अर्थही घेतला, पण तो एका विशिष्ट दिशेने. ‘वडिलांची मर्यादा ठेवावी’, ‘सासऱ्यासमोर सून मर्यादेने वागे’, ‘बोलताना मर्यादा सांभाळ’ या वाक्यांत मर्यादा ही आपण दुसऱ्यापुढे पाळायची गोष्ट आहे. मान दुसऱ्याचा असतो आणि बंधन आपल्यावर. अवधच्या शेतकऱ्याचे ‘मरजाद’ याच्या उलट दिशेला गेले. ते त्याचे स्वतःचे, त्याच्या घराचे, त्याच्या कुळाचे असते. ते बिरादरीच्या, म्हणजे जातभाईंच्या, डोळ्यांत असते, म्हणून ते पाळावे लागते. आणि ते गेले की माणूस गावात राहूनही गावाचा राहत नाही. त्यात प्रतिष्ठा आहे, रीत आहे आणि लोकलज्जाही आहे, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आता कादंबरीतील मूळ जागा पाहू. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोदान’मध्ये सेमरी आणि बेलारी ही अवध प्रांतातील दोन गावे आहेत. सेमरीत जमीनदार रायसाहेब अमरपाल सिंह राहतात आणि बेलारीत त्यांचे कूळ होरी. रायसाहेबांना आपल्या इलाख्याचा एवढा ताप होतो, तर ते तो आपल्याला का देऊन टाकत नाहीत, असे होरीचा तरुण मुलगा गोबर उपरोधाने विचारतो. तेव्हा होरी म्हणतो की जैजात (मालमत्ता) कोणाला सोडवते का. आपल्याला तरी शेतीतून काय मिळते, दिवसाला एक आणा मजुरीसुद्धा पडत नाही, महिना दहा रुपयांचा नोकरही आपल्यापेक्षा चांगले खातो-लेतो, तरी शेते सुटत नाहीत. आणि मग तो म्हणतो: ‘फिर मरजाद भी तो पालना ही पड़ता है। खेती में जो मरजाद है, वह नौकरी में तो नहीं है।’

याचे पत्रलेखकाने केलेले मराठी असे आहे: ‘शिवाय मर्यादाही पाळावीच लागते. शेतीत जी मर्यादा आहे, ती नोकरीत नाही.’ पहिले वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, कानालाही गोड लागते, आणि नेमका तिथेच घोटाळा आहे. मराठी वाचक त्यातून ‘माणसाने आपल्या पायरीने राहावे’ असा बोध घेतो, आणि दुसऱ्या वाक्यातून तर शेतीत काही बंधने आहेत व नोकरीत ती नाहीत, असा थेट उलटा अर्थ निघतो. होरी शेतीची थोरवी सांगत असताना अनुवादातला होरी तिची अडचण सांगू लागतो. शब्द अनोळखी असता तर अनुवादकाने थांबून कोश उघडला असता. तो ओळखीचा होता, म्हणून डोळ्यांदेखत निसटला. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना माझ्या अनुभवात नव्वद टक्के चुका अशाच ओळखीच्या शब्दांच्या असतात, आणि ‘मरजाद’सारखा मूळ रूपापासून थोडा झिजलेला तद्भव शब्द त्यात अधिकच फसवा, कारण तो ‘दुरुस्त’ करून तत्सम रूपात लिहिण्याचा मोह होतो. वास्तविक या वाक्यातील क्रियापद बघितले तरी सावध होता आले असते: हिंदीत ‘मर्यादा’ स्त्रीलिंगी आहे, होरीचे ‘मरजाद’ मात्र ‘पालना पड़ता है’, म्हणजे पुल्लिंगी. शेतकऱ्याच्या बोलण्यात हा शब्द पुस्तकी बहिणीपासून लिंगानेही वेगळा झाला आहे.

ओघात अशाच आणखी दोन शब्दांविषयी सांगतो, कारण ‘गोदान’ पुढे नेताना ते आडवे येणारच आहेत. पहिला ‘महाजन’. हिंदी ग्रामकथेतला महाजन म्हणजे व्याजबट्टा करणारा सावकार. ‘महाजनी सभ्यता’ हा प्रेमचंदांचा शेवटच्या दिवसांतला लेख आहे, तो पैशावर उभ्या असलेल्या संस्कृतीविषयी, थोरामोठ्यांच्या सभ्यपणाविषयी नव्हे. मराठीत महाजन म्हटले की ‘महाजनो येन गतः’ आठवते, जुन्या कागदांतले शेटे-महाजन आठवतात, आणि गोव्यात तर देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांना आजही महाजन म्हणतात. ‘महाजनाने होरीला लुबाडले’ हे वाक्य फोंड्याच्या वाचकाला देवळाच्या भानगडीत नेऊन सोडील. तिथे ‘सावकार’च हवा. दुसरा शब्द ‘असामी’. आपली असामी म्हणजे व्यक्ती, आणि बऱ्याचदा ‘बडी असामी’. रायसाहेबांचा असामी म्हणजे त्यांना सारा भरणारे कूळ, किंवा सावकाराचा ऋणको. सुदैवाने मराठीतील ‘कूळ’ या शब्दात जमीन कसणारा आणि जुन्या वापरात कर्ज घेणारा, असे दोन्ही अर्थ आहेत, आणि १९४८ च्या कायद्याला आपण ‘कुळकायदा’ म्हणत असल्यामुळे तो शहरी वाचकालाही कळतो. रायसाहेबांना मात्र ‘खोत’ करू नये. मोह होतो, कारण कोकणातली खोती हे आपल्याकडचे त्यातल्या त्यात जवळचे चित्र. पण त्यामुळे अवधची जमीनदारी रत्नागिरीत येऊन बसते आणि बेलारीची ऊस, रब्बी आणि थंडीतली राखण सगळीच बेवारस होते.

आता ‘मरजाद’साठी मराठीत काय घ्यावे? माझ्यासमोर पाच-सहा शब्द होते. ‘प्रतिष्ठा’ अर्थाने जवळचा आहे, परंतु तो नोकरदाराच्या दिवाणखान्यातला शब्द आहे. होरीच्या ओसरीवर तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो. ‘अब्रू’ वजनदार आहे, पण आज तो एकीकडे अब्रुनुकसानीच्या दाव्यात आणि दुसरीकडे स्त्रीवरील अत्याचाराच्या बातमीत इतका अडकला आहे की ‘शेतीत जी अब्रू आहे’ असे म्हणताच भलत्याच छटा जाग्या होतात. ‘इभ्रत’ मला व्यक्तिशः आवडतो, आणि त्याचा स्वतःचा प्रवासही मजेदार आहे: अरबी-उर्दूत ‘इबरत’ म्हणजे धडा, इशारा, दुसऱ्याच्या गतीवरून घ्यायचा बोध, मराठीत येऊन तो थेट मानमरातबाचा शब्द झाला. उर्दूतून लेखन सुरू केलेल्या प्रेमचंदांना ‘शेतकऱ्याची इभ्रत’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागले असते. तरीही ‘इभ्रत’ला सरदार घराण्याचा दर्प आहे, तो पाच बिघ्यांच्या शेतकऱ्याला पेलत नाही. ‘पत’ म्हणावे तर तिचा एक पाय बाजारात असतो. ‘आब राखणे’ ही फार सुरेख मराठी लकब आहे आणि ‘पालना’ या क्रियापदाला ती छान बसते, पण पुढच्याच वाक्यात ‘शेतीत जो आब आहे’ असे म्हटले की ती लंगडते.

उरतो तो ‘मान’. साधा, दोन अक्षरांचा, कुणब्यापासून पाटलापर्यंत सर्वांच्या तोंडचा. ‘शिवाय चार लोकांत मानही राखावाच लागतो. शेतीत जो मान आहे, तो चाकरीत नाही.’ हे वाक्य होरी मराठीत जन्मला असता तर त्याने असेच म्हटले असते, असे मला वाटते. आणि त्यामागे ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही आपली म्हण आपोआप उभी राहते, जशी मूळ वाक्यामागे ‘उत्तम खेती, मध्यम बान’ उभी आहे. ‘नोकरी’ऐवजी ‘चाकरी’ घेतली ती मुद्दाम, कारण ‘मरजाद’चे खेडवळ रूप ‘मान’मध्ये हरवते, त्याची थोडी भरपाई शेजारच्या शब्दांतून करावी लागते. त्याच हेतूने ‘जैजात’चे ‘मालमत्ता’ न करता ‘जमीनजुमला’ करावे. त्यापलीकडे जाऊन होरीला वऱ्हाडी किंवा माणदेशी बोलायला लावू नये. प्रेमचंदांनीही त्याला निखळ अवधी बोली दिलेली नाही. खडी बोलीच्या, म्हणजे प्रमाण हिंदीच्या, वाक्यात ‘मरजाद’, ‘जैजात’, ‘डाँड़’ (दंड) असे मोजकेच गावरान शब्द पेरले आहेत.

एकदा निवडलेला शब्द मात्र शेवटपर्यंत बदलू नये, असा माझा आग्रह आहे. मराठीत शैलीच्या नावाखाली पुनरुक्ती टाळण्याची जी सवय आपल्याला शाळेत लागते, ती इथे घातक ठरते. ‘गोदान’मधला वास्तववाद दारिद्र्याच्या वर्णनांत जेवढा आहे, तेवढाच तो या एका शब्दाची किंमत प्रसंगागणिक वाढत जाते, त्यात आहे. गोबरपासून दिवस गेलेल्या विधवा झुनियाला होरी आणि त्याची बायको धनिया घरात ठेवून घेतात, तेव्हा पंचायत शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य असा दंड ठोठावते; तो होरी भरतो, कारण बिरादरीतून तुटणे त्याला अशक्य आहे. (‘हुक्का-पानी बंद’साठी आपला ‘वाळीत टाकणे’ हा प्रयोग तंतोतंत आहे, तिथे हुक्का मराठीत आणण्याची गरज नाही.) पुढे थोरली मुलगी सोना हिच्या लग्नात मुलाकडचे लोक हुंडा नको म्हणत असताना धनियाच अडून बसते: ‘रुपया हाथ का मैल है। उसके लिए कुल-मरजाद नहीं छोड़ा जाता।’ इथे ‘पैसा काय, हाताचा मळ आहे. त्याच्यापायी घराण्याचा मान सोडता येत नाही’ असे जवळजवळ शब्दाला शब्द बसते. हुंडा घेणारा नको म्हणतो आणि देणारा कर्ज काढून देतो, हा उफराटा व्यवहार वाचकाला समजायचा असेल, तर बापाने पूर्वी मुलाला सांगितलेला शब्द आणि आईच्या तोंडचा हा शब्द एकच असला पाहिजे. एका जागी ‘प्रतिष्ठा’, दुसऱ्या जागी ‘कुलशील’ आणि तिसऱ्या जागी ‘अब्रू’ असे केले, तर तीन चांगली वाक्ये मिळतील आणि धागा तुटेल.

‘मान’च्या बाजूने माझ्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते मला अनुवादाचा खर्डा वाचताना अचानक सुचले. कादंबरीच्या अखेरीस तीन वर्षांचा सारा थकलेला, जमीन हातची जाण्याच्या बेतात असलेला होरी धाकट्या रूपाचे लग्न जवळपास आपल्याच वयाच्या रामसेवकशी लावायला तयार होतो आणि त्याच्याकडून दोनशे रुपये घेतो. मुलीसाठी कर्ज काढणारा बाप आता मुलीवर पैसे घेतो आहे. त्या प्रसंगी प्रेमचंद लिहितात की रुपये घेताना त्याचा हात थरथरत होता आणि ‘उसका सिर ऊपर न उठ सका’. ‘मरजाद’ हा शब्द त्या वाक्यात नाही, आणि हिंदीत तो सुचवण्याची सोयही नाही. मराठीत ती आहे. खर्ड्यात त्या जागी ‘त्याचे डोके वर उचलले गेले नाही’ असे आहे; ते खोडून ‘त्याची मान वर झाली नाही’ असे लिहावे.