ट्रॅव्हलरच्या कॅम्परमागे ट्रेलर लावून पोलो ट्रॅक डेला नेता येईल का?

प्रश्न विचारणारे भाऊ नागपूरचेच आहेत. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली कॅम्पर आहे, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय, फोक्सवॅगन पोलो कार ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसासाठी, तयार केली आहे, आणि ते विचारून राहिले की कॅम्परमागे ट्रेलर लावून पोलो चेन्नईला नेली तर इंजिन ओढेल का.

ओढेल. इंजिनाची काळजी सोडा. २.६ लिटरचं डिझेल आहे, नवीन मॉडेलला ३५० न्यूटन मीटर टॉर्क आहे, पोलो आणि ट्रेलर मिळून पावणेदोन टनाच्या आसपास जाईल, हैदराबादपर्यंत तर रस्ता जवळपास सपाटच आहे. प्रॉब्लेम ओढण्यात नाहीच, थांबवण्यात आहे, आणि त्याहून जास्त मागच्या एक्सलवर पडणाऱ्या वजनात आहे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून एवढं लांब लिहितोय. मी कॅम्परमागेही ट्रेलर ओढलाय आणि पिकअपमागेही, दोन्हीत खूप फरक आहे.

सगळ्यात आधी गाडी धरमकाट्यावर न्या. वाडीला किंवा कापसीला कुठलाही काटा चालेल, पण नुसतं पूर्ण वजन नको, काटेवाल्याला सांगून आधी फक्त पुढची चाकं चढवा, पावती घ्या, मग पूर्ण गाडी चढवा, मग फक्त मागची चाकं. पाण्याची टाकी भरलेली, गॅस सिलेंडर आत, बॅटऱ्या, गाद्या, भांडीकुंडी, घरचे लोक, सगळं ट्रिपला असतं तसंच पाहिजे. मग आरसीवरचं ग्रॉस वेट, म्हणजे भरलेल्या गाडीला चालणारं जास्तीत जास्त वजन, बघा. कॅम्पर बांधणारे प्लायवूडचं फर्निचर ठोकतात, शंभर लिटरची टाकी टाकतात म्हणजे शंभर किलो तिथेच गेले, वरून एसी, इन्व्हर्टर, मोठ्या बॅटऱ्या, मग गाडी ट्रेलर लावायच्या आधीच काठोकाठ भरलेली निघते. बऱ्याच जणांचा प्लॅन इथेच संपतो आणि संपायलाच पाहिजे.

आता ट्रॅव्हलरची खास गोष्ट. मागच्या चाकाच्या मागे बॉडी किती लांब जाते ते बाजूला उभं राहून बघा. हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, बॉल त्याच्याही मागे येणार. ट्रेलर सरळ चालायचा असेल तर त्याच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन बॉलवर पडलं पाहिजे, म्हणजे तुमच्या केसमध्ये दीडशे किलोच्या वरच. समजा बॉल मागच्या एक्सलपासून १.६ मीटर मागे आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३.३ मीटर आहे, तर बॉलवर दीडशे किलो टाकले की मागच्या एक्सलवर दीडशे नाही, जवळजवळ सव्वादोनशे पडतात, आणि पुढच्या चाकांवरून सत्तर-पंच्याहत्तर किलो उचलले जातात. बैलगाडी उलार होते तसंच आहे हे. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं, पुढचे ब्रेक हवे तसे पकडत नाहीत. म्हणून काट्यावरच्या मागच्या एक्सलच्या पावतीत हे सव्वादोनशे मिळवून बघा की टायरच्या आणि एक्सलच्या लिमिटमध्ये बसतंय का. टायरच्या बाजूवर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, लिहिलेला असतो तो वाचा. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी वर उचलली की दिसायला सरळ दिसते पण एक्सलवरचं वजन तेवढंच राहतं, पाट्याने ते कमी होत नाही.

(कोणी टाटा विंगरवर कॅम्पर बांधून हाच विचार करत असेल तर त्याने करूच नये असं माझं मत. विंगर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, मागे वजन लटकवलं की ओढणाऱ्या चाकांवरचंच वजन कमी होतं, ओल्या चढावर चाकं जागीच फिरतात.)

बॉलवर वजन कमी ठेवून सुटका नाही. कमी पडलं की ट्रेलर डोलायला लागतो, बाजूने एखादा मोठा कंटेनर जोरात निघून गेला की तो डोल सुरू होतो आणि स्पीड जास्त असेल तर तो वाढतच जातो. तसं झालं तर ब्रेकवर पाय आपटू नका, स्टेअरिंगने उलटा झटका देऊ नका, अॅक्सिलरेटर सोडा आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवा, स्पीड उतरला की शांत होतो. आणि पोलोचं इंजिन पुढे आहे म्हणून ती तोंड पुढे करून चढवायची, पोलोच्या एकूण वजनाचा मध्य ट्रेलरच्या एक्सलच्या जरा पुढे आला पाहिजे. एकदा बरोबर बसली की ट्रेलरच्या फळीवर पेंटने चाकाची खूण करून टाका, पुढच्या वेळी रात्री अंधारात चढवतानाही तिथेच थांबवता येते.

ट्रेलर घ्याल तर ब्रेकवालाच घ्या, दोन एक्सलचा. बिनब्रेकच्या ट्रेलरवर अकराशे किलोची पोलो म्हणजे ती सगळी थांबवायची जबाबदारी कॅम्परच्या ब्रेकवर, जे आधीच पूर्ण भरलेली व्हॅन थांबवत आहेत. साठच्या ऐवजी ऐंशीने चाललात तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते, म्हणून माझ्या हातात असेल तर मी सत्तरच्या वर जाणारच नाही, रस्ता कितीही मोकळा असो. ओव्हररन ब्रेकवाला ट्रेलर असतो त्यात गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात, साधी आणि भरवशाची पद्धत आहे. फक्त रिव्हर्स घेतानाही तो ब्रेक लागू शकतो, त्यासाठी लॉक असतो तो बघून घ्या. सेफ्टी चेन दोन पाहिजेत आणि कपलिंगच्या, म्हणजे ट्रेलरच्या दांडीचं जे टोक बॉलवर बसतं त्याच्या, खालून एकमेकींवर क्रॉस करून लावायच्या, म्हणजे बॉलवरून कपलिंग सुटलंच तर दांडी रस्त्यावर न घुसता चेनवर झेलली जाते. हिच हिंगणा एमआयडीसीत कोणीही वेल्ड करून देईल, पण बंपरला किंवा मागच्या पत्र्याला वेल्ड केलेलं चालणार नाही, दोन्ही बाजूच्या चॅसिस मेंबरला प्लेट लावून हाय टेन्साइल बोल्टने कसलेलंच पाहिजे. आणि त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडून टोइंगबद्दल कंपनी काय म्हणते ते वाचा, कंपनी नाही म्हणत असेल तर विषय तिथेच थांबवा.

कागदपत्रांचं. दोरी किंवा दांडा लावून चांगली चालती गाडी हायवेने ओढत नेणं कायद्यात बसत नाही, ती सोय बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. ट्रेलर मात्र नोंदवलेला असेल तर ओढता येतो. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ६१ बघा, ट्रेलरचंही रजिस्ट्रेशन लागतं आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही लावावा लागतो. म्हणून गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बनवलेला बिननंबरचा ट्रेलर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. गाडी ज्या आरटीओची आहे, एमएच ३१ असो, ४० असो की ४९, तिथे जाऊन हिच लावण्याबद्दल लेखी अर्ज द्या आणि लेखीच उत्तर घ्या, कारण पुढे तेलंगणात कोणी अडवलं तर नागपुरातल्या तोंडी बोलण्याचा काही उपयोग नाही. विमा कंपनीलाही आधी कळवा. आणि हे पक्कं डोक्यात ठेवा की आपल्या साध्या कार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर पोलोला काही झालं तर खर्च खिशातून.

आता रस्ता. नागपूर-हैदराबाद ४४ नंबरच्या हायवेने पाचशे किलोमीटर, पुढे विजयवाडा, नेल्लोर करत चेन्नई, एकूण अकराशेच्या वर. मद्रास इंटरनॅशनल सर्किट श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आहे, ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. कोइम्बतूरचा कारी त्याहून छोटा, २.१ किलोमीटर, पण तिथे जायला अजून लांब. उत्तरेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, अंतर साधारण चेन्नईएवढंच, पण खवासा सोडल्यावर शिवनीच्या आधी कुरई घाट लागतो. तिथे उतरताना टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरायचं नाही, वरूनच गिअर खाली घ्यायचा. सत्तरच्या लिमिटने सरासरी पन्नासची पडते, म्हणजे चेन्नईला बावीस तास ड्रायव्हिंग, दोन रात्री रस्त्यात. इथे कॅम्परचं खरं सुख आहे, ढाब्यावर गाडी लावली की झोपायला घर सोबतच.

प्रत्येक थांब्यावर चहा सांगायच्या आधी ट्रेलरभोवती एक चक्कर. हात प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, न्यायचा, आधी लांबून आणि मग हलकेच टेकवायचा. चारही सारखे कोमट असतील तर ठीक. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर एकतर बेअरिंग खराब होत चाललंय किंवा ब्रेक घासतोय, तिथून पुढे जायचं नाही. मग पोलो ट्रेलरला बांधणारे बेल्ट. रॅचेटचे बेल्ट सस्पेन्शनला किंवा बॉडीला न बांधता चाकांवरून बांधायचे, म्हणजे गाडी स्प्रिंगवर वरखाली झाली तरी बेल्ट ढिला होत नाही. तरीही निघाल्यावर पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये एकदा थांबून कसायचेच, बुटीबोरी त्यासाठी बरोबर पडतं. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, कॅम्परची बसत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जातं तेव्हा पहाटे चारला निघून अकरापर्यंत सावलीत लागा. ट्रेलरचे टायर कमी चाललेले असतात म्हणून नवे वाटतात पण वर्षानुवर्षं उभे राहून रबर कडक होतं, बाजूवरचा बनवल्याचा आठवडा-वर्षाचा चार आकडी नंबर बघूनच विश्वास ठेवा.

ट्रॅकवरून परत निघताना एक गोष्ट. सेशन संपल्या संपल्या पोलो चढवू नका आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. एक कूलडाऊन लॅप, मग अर्धा तास गिअरमध्ये उभी, चाकाला ओट (दगड किंवा पाचर) लावून.

आता माझं स्पष्ट मत. वर्षाला एखाद-दोन ट्रॅक डे करणार असाल तर पोलो फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, पाठवा आणि कॅम्पर मोकळी घेऊन जा. नागपूर दक्षिणोत्तर वाहतुकीच्या मधोमध आहे, वाडी-कापसीला चौकशी केली की साउथला जाणारी गाडी मिळते, फक्त पोहोचायची तारीख पक्की धरू नका, दोन दिवस हातात ठेवा. ट्रेलर, हिच, रजिस्ट्रेशन, देखभाल हा सगळा खर्च नियमित जाणाऱ्यालाच परवडतो. पण नियमित जाणार असाल तर स्वतःच्या ट्रेलरसारखं काही नाही. ट्रॅकवर क्लच गेला, इंजिन तापलं, काहीही झालं तरी गाडी आपल्या सोबत घरी येते, परक्या गावात गॅरेज शोधत बसावं लागत नाही, आणि ज्याने हे भोगलंय त्याला या निश्चिंतपणाची किंमत विचारा.

घ्यायचंच ठरलं तर आधी रविवारी सकाळी मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यांवर रिकामा ट्रेलर लावून रिव्हर्सची प्रॅक्टिस करा. स्टेअरिंगचा खालचा भाग धरायचा, हात डावीकडे गेला की ट्रेलर डावीकडे जातो, डोकं लवकर शिकतं. मग पोलो चढवून हिंगणघाटपर्यंत जाऊन या, हब आणि बेल्ट बघा. आणि काट्याच्या तिन्ही पावत्या झाल्या की आकडे इथे कमेंटमध्ये टाका, व्हीलबेस आणि एक्सलपासून मागच्या बंपरपर्यंतचं अंतर मोजून तेही लिहा, मागच्या एक्सलवर किती पडेल ते मी काढून देतो.