आयफोन हा खरंच शोध होता का, की आधीच्याच गोष्टी एकत्र केल्या?

तुमचा मित्र म्हणतो आयफोन म्हणजे या शतकातला सगळ्यात मोठा शोध, आणि तुमचं म्हणणं की ॲपलने इकडून तिकडून सगळं उचललं आणि छान पॅक करून विकलं, तर बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. अख्खा फोन हा शोध नाही. पण त्याच्या आत एक भाग आहे जो मला शंभर टक्के शोध वाटतो, आणि या विषयावर वाद घालणाऱ्यांपैकी फार कमी लोक त्या भागाबद्दल बोलतात.

मी भोसरीला मशीनचे टच पॅनल बनवायच्या कामात आहे, त्यामुळे स्क्रीन आणि बोट यांचं रोजचं भांडण मी जवळून बघतो, म्हणून जरा लांबण लागली तर समजून घ्या.

आधी तुमची बाजू, कारण तिच्यात खरंच दम आहे. बोटाने चालणारी कपॅसिटिव्ह टचस्क्रीन (म्हणजे बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखणारी) ही कल्पना १९६५ ची आहे, इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी मांडलेली. सत्तरच्या दशकात जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेंट स्टुम्प आणि फ्रँक बेक यांनी तिथल्या कंट्रोल रूमसाठी असे स्क्रीन बनवून वापरातसुद्धा आणले. एकापेक्षा जास्त बोटं ओळखायचं काम टोरोंटो विद्यापीठात १९८२ लाच चालू होतं. टचस्क्रीनवाला फोन म्हणाल तर आयबीएमचा सायमन १९९४ ला अमेरिकेत विकायला आला, त्यात ईमेल, कॅलेंडर, फॅक्स सगळं होतं आणि किंमत कॉन्ट्रॅक्टसकट ८९९ डॉलर. एलजीचा प्राडा फोन, बोटाने चालणारा, तर डिसेंबर २००६ मध्येच जाहीर झाला, म्हणजे आयफोनच्या आधी. आणि आतली लिथियम आयन बॅटरी ज्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्या कामातून आली त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. कॅमेऱ्याचा सीमॉस सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून त्याचं चित्र बनवणारी चिप, नासाच्या लॅबमध्ये एरिक फॉसम यांच्या टीमने विकसित केला, जीपीएस अमेरिकन लष्कराचं. ही माणसं शोधक, यात काही वादच नाही, आणि फोन खिशात घालून फिरणाऱ्या किती जणांना त्यांची नावं माहीत आहेत सांगा.

म्हणून ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टेजवर स्टीव्ह जॉब्स जेव्हा म्हणाले की आम्ही मल्टिटच (एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा टच) नावाचं नवीन तंत्रज्ञान शोधून काढलंय, ते मला आजही खटकतं. त्या मल्टिटचच्या मागे वेन वेस्टरमन नावाचा माणूस आहे, डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करत असताना टायपिंगने त्याचे हात इतके दुखायला लागले की अजिबात दाबावा लागणार नाही असा कीबोर्ड त्याने आपल्या प्राध्यापकांबरोबर, जॉन एलियास यांच्याबरोबर, बनवला, त्यातून त्यांची फिंगरवर्क्स नावाची कंपनी निघाली, आणि ती २००५ ला ॲपलने विकत घेतली. कंपनी पैसे मोजून रीतसर घेतली, त्यात गैर काही नाही, पण त्या दिवशी स्टेजवरून त्या दोघांची नावं घ्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्ये शोध कशाला म्हणायचं नाही याची यादी आहे, त्यात एक मुद्दा असा की आधीपासून माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपलं पूर्वीचंच काम पूर्वीसारखंच करत राहिला, तर तो शोध नाही. मला ही कसोटी फार आवडते. या कसोटीवर फोनमध्ये कॅमेरा घातला, रेडिओ घातला, टॉर्च घातली तर काही नवीन झालं नाही. पण एकत्र आल्यामुळे असं काहीतरी घडलं जे वेगवेगळं ठेवून घडत नव्हतं, तर मग विचार करावा लागतो.

आयफोनमध्ये ते कुठे घडलं? ॲपलने स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर टेकवायची छोटी काडी, काढून टाकला आणि बटणांचा कीबोर्डही काढून टाकला, म्हणजे आता सगळं बोटावर आलं, आणि बोट हे अतिशय वाईट पॉइंटर आहे हो. आमच्या कारखान्यातल्या जुन्या पॅनलमध्ये रेझिस्टिव्ह स्क्रीन असते, दोन पातळ थर, मध्ये फट, दाबलं की थर टेकतात आणि एक बिंदू मिळतो, हातमोजे घालूनसुद्धा चालतं, म्हणून ती अजून टिकून आहे. कपॅसिटिव्हमध्ये काचेखाली आडव्या उभ्या तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार जरासा बदलतो, तो बदल मोजायचा. बोट टेकलं की बिंदू मिळत नाही, एक लंबगोल धब्बा मिळतो, तोही आपल्याला जिथे दाबलंय असं वाटतं त्याच्या जरा खाली. लोकल चार्जर लावला की टच वेड्यासारखा उड्या मारतो ना, तो चार्जरमधली विद्युत गडबड याच मोजणीत घुसल्यामुळे. या धब्ब्यावरून माणसाला काय म्हणायचंय ते ओळखायचं, हा खरा प्रश्न होता.

आत्ता हे वाचताना अंगठ्याने स्क्रोल करून बघा. अंगठा मुळाशी बिजागरीसारखा असतो, तो सरळ वर जातच नाही, कमानीत जातो. फोनने अंगठा जाईल तसंच पान हलवलं असतं तर ते दर वेळी तिरकं सरकलं असतं. म्हणून पहिल्या हालचालीचा कोन बघून फोन ठरवतो की याला उभंच स्क्रोल करायचंय, आणि मग पान उभ्या रेषेत धरून ठेवतो. यादी संपली की ती थोडी ताणली जाऊन परत येते, हे ॲपलचे डिझायनर बास ऑर्डिंग यांचं काम, त्याचं पेटंटही आहे, आणि ते काही शोभेसाठी नाही, यादी नुसतीच थांबली असती तर ती संपलीय का फोन हँग झालाय हे कळलं नसतं. कीबोर्डचं तर आणखी भारी, इंग्रजीत टी आणि एच टाइप केलं की पुढे ई यायची शक्यता जास्त, म्हणून दिसायला ई तेवढाच राहतो पण त्याचा न दिसणारा भाग मोठा होतो आणि जाड बोट चुकलं तरी अक्षर बरोबर पडतं. हे सगळं मिळून मी शोध म्हणतो.

आयफोन ३जी ऑगस्ट २००८ मध्ये आपल्याकडे ३१ हजाराला आला तेव्हा नोकिया एन९५ वाले विचारायचे की यात व्हिडिओ शूट होत नाही, कॉपी पेस्ट नाही, कॅमेरा दोनच मेगापिक्सेल, घ्यायचा कशाला, आणि कागदावर ते अगदी बरोबर होते. पण एकदा हातात घेऊन यादी सरकवली की माणूस गप्प व्हायचा.

यातली अडचणही सांगतो. मी ज्याला शोध म्हणतोय तो बहुतेक सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच कलम ३ मध्ये नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला शोध मानत नाहीत. शिवाय ॲपलचे सगळे दावे टिकलेही नाहीत. सरकवून लॉक उघडायची कल्पना, जी आयफोनची ओळख होती, तिचं पेटंट लंडनच्या कोर्टाने २०१२ मध्ये रद्द ठरवलं कारण निओनोड नावाच्या स्वीडिश फोनमध्ये बोट सरकवून अनलॉक करायची सोय आधीच होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मात्र ज्युरीने सॅमसंगला ॲपलला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं, त्या दाव्यात यादी ताणली जाण्याचं पेटंटही होतं, आणि ते भांडण पुढे २०१८ ला तडजोडीने मिटलं.

तेव्हा मित्राला म्हणा, फोन नाही रे, पण बोट समजून घेणं हा शोध, आणि तुम्ही स्वतः एवढं मान्य करा की ते कुठून उचललेलं नव्हतं, निदान बरंचसं तरी.

दरवर्षीच्या नव्या मॉडेलला हीच कसोटी लावाल तर बहुतेक वर्षी उत्तर नाही असंच येईल, कॅमेरा वाढला, कडा बदलल्या, रंग बदलला. घडीच्या फोनबद्दल मात्र मी थांबून विचार करतो, कारण दुमडली तरी न तुटणारी काच आणि ती हजारो वेळा सांभाळून वळवणारी बिजागरी, या दोन्ही आधी कुणाकडे तयार पडलेल्या नव्हत्या, त्या बनवाव्या लागल्या.