हिमालयन ४११ ला फ्युएल कंट्रोलर लावायचाय? सरसकट दहा टक्के पेट्रोल वाढवून काम होणार नाही

भावा, तुझा प्रश्न वाचला. बीएस६ हिमालयन ४११, सायलेन्सर बाहेरचा बसवलाय, खालच्या आरपीएमला झटके देते, थ्रॉटल सोडला की फटाके, आणि साताऱ्यातला तुझा मेकॅनिक म्हणतोय फ्युएल कंट्रोलर (इंजिनला मिळणारं पेट्रोल कमीजास्त करणारा छोटा बॉक्स) लाव, दहा टक्के पेट्रोल वाढव, सगळं गप्प होईल. नाही होणार. का ते आधी समजून घे, मगच बॉक्सला पैसे घाल.

आरामात एका स्पीडला चाललास की स्टॉक ईसीयू (इंजिन चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर) ओटू सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन बघणारा) ऐकून चालतो, याला क्लोज्ड लूप म्हणतात. तो सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, ०.४५ च्या वर गेला की पेट्रोल जास्त, खाली आला की कमी, आणि ईसीयू त्याला सतत ०.४५ च्या आसपास खालीवर करत ठेवतो, म्हणजे साध्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. आता तुझा बॉक्स बसणार ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये, इंजेक्टरची पल्स (पेट्रोल फवारण्याचा वेळ) दहा टक्के लांबवणार, लगेच सेन्सर ओरडणार की पेट्रोल जास्त झालं आणि ईसीयू त्याच्या बाजूनं तेवढंच कमी करून टाकणार. पैसे गेले, झटके तिथंच. म्हणून कंट्रोलर असा बघ जो ओटूचा सिग्नलसुद्धा हाताळतो. ते सेन्सरचं रीडिंग थोडं सरकवून ईसीयूलाच किंचित जास्त पेट्रोल द्यायला लावतात. फुल थ्रॉटलला मात्र ईसीयू सेन्सरकडं बघत नाही, तिथं टक्के सरळ लागू होतात.

बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे दोन्ही प्रकार मिळतात, फ्युएलएक्स फक्त पेट्रोल बघतो, पॉवरट्रॉनिकमध्ये इग्निशन टायमिंगही (प्लगची ठिणगी कधी पडते ते) बदलता येतं. तुझ्या कामाला पेट्रोलवालाच बास आहे. टायमिंगला हात लावू नकोस, एअर-ऑइल कूल्ड इंजिन आहे, एप्रिल-मे महिन्यात डबलसीट यवतेश्वरचा घाट चढताना अ‍ॅडव्हान्स जास्त झाला, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) सुरू होतं आणि सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही.

पण बॉक्सच्या आधी गाडी तपास, हे मी कळकळीनं सांगतोय कारण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना स्टार्ट कर, जाड ओलं फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाब आणि दुसऱ्याला बेंड पाईपच्या (इंजिनपासून सायलेन्सरकडं जाणारा पाईप) जॉइंटपाशी कान द्यायला सांग. फुसफुस आली की गॅस्केट गेलंय किंवा क्लॅम्प ढिला आहे. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं, तेच तुझे फटाके. वर फट सेन्सरच्या जवळ असली तर रीडिंगही खोटं येतं, मग त्यावर केलेलं ट्यूनिंग काय कामाचं? त्यानंतर इनटेकचा रबर चिरलाय का बघ, एअर फिल्टर, प्लग बघ. आणि चेन! ढिली चेन आणि मागच्या चाकातले घासलेले रबर खालच्या आरपीएमला अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखेच झटके देतात.

वायरिंगला घाई नको. बॅटरीची निगेटिव्ह काढ, टाकी उचल, इंजेक्टरचा कपलर काढून मध्ये कंट्रोलरचा मेल-फिमेल जोड घाल, कंपनीची एकही वायर कापायची नाही, म्हणजे उद्या अर्ध्या तासात गाडी परत स्टॉक होते. अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. मिरजेची एक गाडी बघितलीय, पावसात मिसिंग मारायची, सगळे इंजेक्टरच्या मागं लागले होते, आणि अर्थ होतं फ्रेमच्या रंगावर बोल्ट आवळून, खाली हिरवा गंज. हार्नेस बेंड पाईपपासून लांब ने, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना बघ, टाकी बसवताना चिमटत नाही ना तेही. कपलरच्या आधी वायरला खाली थोडा झोल ठेव, पाणी झोलातून गळून जातं, कपलरमध्ये शिरत नाही. कास-बामणोलीकडं जुलैमध्ये जाणार असशील तर हे हवंच.

आता ट्यूनिंग. अंदाजानं करू नकोस, बेंड पाईपला बंग (सेन्सर बसवायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा) लाव किंवा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून करून घे. सेन्सर वरच्या बाजूला तिरका बसव, आडवा किंवा खाली तोंड नको, पाणी साठून मरतो, आणि काम झालं की काढून बूच लाव कारण हीटर बंद असताना धुरात राहिला तरी तो खराब होतो. आकडे लॅम्डामध्ये बघ, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते, एकच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलला पूर्ण ज्वलनाचं प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५ च्या आसपास येतं, जुन्या आकड्यावर ट्यून केलंस तर गोंधळ होईल, लॅम्डा एक म्हणजे दोन्हीकडं एकच. फुल थ्रॉटलला ०.८८ च्या आसपास धर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर एकच गिअर, एकच थ्रॉटल धरून लॉग घे, गाडी बाजूला थांबव, मग लॅपटॉप उघड, चालवता चालवता स्क्रीनकडं बघायचं नाही लगा. एका वेळी दोन-तीन टक्के, त्याच रस्त्यावर परत. मॅपमधल्या (आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे पेट्रोलचे टक्के भरलेला तक्ता) बंद थ्रॉटलच्या रकान्यात सगळ्यात शेवटी हात घाल.

महाबळेश्वरला वेगळा मॅप लागेल का हेही विचारलंयस. नाही. सातारा साधारण ७४० मीटर, महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, हवा पाच-सहा टक्के पातळ होते, पण ते गणित स्टॉक ईसीयू करतो आणि बॉक्स त्याच्याच पल्सवर टक्के लावतो, त्यामुळं ते आपोआप पुढं येतं.

कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला असेल तर परत बसव. पीयूसीचा प्रश्न आहेच, आणि मागं बसणाऱ्याच्या नाकातोंडात तो धूर जातो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचार.

फडक्याची टेस्ट कर, चेन ताण, आणि तरी झटके राहिले तर कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, थ्रॉटल साधारण किती उघडा, गार इंजिनला की गरम, एवढं लिही. त्यावरून कुठला रकाना बदलायचा ते सांगतो.