१४ महिन्यांच्या मुलाला व्हिटॅमिनसाठी रोज फळांचा ज्यूस द्यावा का? कुठला आणि किती?

नका देऊ.

तुम्ही लिहिलंय की मुलगा फळाची फोड तोंडात धरून थुंकून टाकतो, आणि सासूबाई म्हणतात निदान ज्यूस तरी पाज, पोटात व्हिटॅमिन जातील. कुठला आणि किती यावर येते, पण आधी माझं सांगू द्या. हा वाद आमच्या घरात चांगला दोन वर्षं चालला आणि त्यात माझ्या बाजूला कुणी नव्हतं. ह्यांनी तर कानात बोळेच घातले होते.

आम्ही राहायला नाशकात म्हसरूळला, द्राक्षाची बाग दिंडोरी तालुक्यात. थॉमसन, आणि थोडी सोनाका. द्राक्षवाल्याच्या घरात लेकराला द्राक्षाचा रस नको म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. २०२२ चा फेब्रुवारी, माल खुडायला आलेला, मुलगी सव्वा वर्षाची. नाना, म्हणजे माझे सासरे, बागेतून येताना निवडक घड आणायचे, मिक्सरला फिरवायचे, सुती फडक्यातून गाळायचे आणि तिच्या चोचीच्या कपातून स्वतः पाजायचे. सकाळी एक कप, संध्याकाळी एक. मी काही बोलले की, "घरचं आहे सूनबाई, बाहेरचं रंगाचं पाणी नाही पाजत."

मार्च उजाडेपर्यंत पोरीचं जेवण सुटलं. घास पुढे केला की मान फिरवायची. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी, कुल्ले लालभडक. जो येईल तो म्हणे दात येतायत. वजन डिसेंबरात नऊ किलो, मार्चमध्येही नऊच.

शेवटी गंगापूर रोडला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. मला तिथेच रडू फुटलं. बागाइतदाराच्या घरातली पोर, आणि रक्त कमी! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय खाते? मी सांगायला लागले, तर मधेच म्हणाल्या, "म्हणजे खात नाही ती. पिते." मग कप हातात घेऊन विचारलं, यात किती द्राक्षं जातात, कधी मोजलीत?

घरी येऊन मोजली. २०० मिलीच्या त्या कपाला पाव किलोच्या वर मणी लागले. तेच मणी चिरून तिच्यापुढे ठेवले असते तर आठ-दहाच्या पुढे ती गेली नसती. चोथा फडक्यात राहतो, आणि कपात येतं ते गोड पाणी.

आता द्राक्षवाल्याकडे ब्रिक्स मीटर असतोच. छोटी नळी, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, साखर किती भरली ते आकड्यात दिसतं. नाना त्याच आकड्यावर व्यापाऱ्याशी भाव करतात. मी त्यांच्यादेखत पोरीच्या कपातला थेंब टाकला. १८. मग ह्यांनी फ्रीजमध्ये ठेवलेलं कोला, गॅस पार जाऊ दिलेलं, त्याचा थेंब टाकला. ११ सुद्धा नाही भरलं. नानांच्या हातात मीटर दिला. त्यांनी दोनदा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ही देवाची साखर, ती कारखान्याची." थोड्या वेळाने म्हणाले, मीटर बिघडलाय. त्याच आठवड्यात त्याच मीटरवर सगळा प्लॉट व्यापाऱ्याला दिला, तेव्हा मात्र तो बरोबर होता.

मीटर नुसती साखर मोजत नाही, रसात विरघळलेलं बाकीचंही त्यात येतं, हे मलाही माहीत आहे. पण पिकल्या द्राक्षात ते बहुतेक साखरच असतं. म्हणजे एका कपात सात-आठ चमचे. चहात एवढी घातली तर हेच लोक कप खाली ठेवतील.

आणि ज्या व्हिटॅमिनसाठी हे सगळं, ते सी व्हिटॅमिन द्राक्षात नावालाच. ते हवं तर पेरू घ्या. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि एवढ्याशा लेकराची दिवसाची गरज साधारण ३०. बिया चमच्याने काढून टाकायच्या आणि पिकलेल्या पेरूचा दोन-तीन चमचे गर कुस्करून द्यायचा. थुंकेल. परवा पुन्हा द्या. दहाव्या वेळी गिळतात, आमच्या पोरीने गिळला. वरणभातावर लिंबू पिळा, त्याने वरणातलं लोहही अंगी लागतं. ए व्हिटॅमिनसाठी पपई आहे, शिवाय त्याचा डोस अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मिळतो, तो चुकवू नका.

आमच्या नणंदबाई सिडकोत असतात. त्यांचं मत असं की मी पुस्तकं वाचून पोरीला उपाशी मारते. त्या येताना खोक्यातले ज्यूस आणायच्या, "यावर शंभर टक्के फळ लिहिलंय." जून २०२४ मध्ये एफएसएसएआयनेच, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की घट्ट अर्कात पाणी घालून केलेल्या रसावर "शंभर टक्के ज्यूस" लिहायचं बंद करा. ती बातमी मी ताईंना पाठवली. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर अजून यायचंय. ताई, हे वाचत असाल तर खोक्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचून बघा, काही पेयांत फळ जेमतेम १० टक्के असतं.

बरं, तुमचा प्रश्न. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली ज्यूस टाळा. दोन ते पाचमध्ये दिवसाला १२५ मिलीच्या वर नको, तोही शक्यतो ताजा. तुमचा मुलगा १४ महिन्यांचा, म्हणजे आकडा शून्य. कुठल्या फळाचा, हा प्रश्न उरतच नाही. दोन वर्षांनंतरही उघड्या पेल्यातून, जेवणाबरोबर. बाटलीतून किंवा चोचीच्या कपातून दिवसभर चोखत बसलं की पुढचे दुधाचे दात किडतात.

एक गोष्ट मात्र मला लपवायची नाही. पोरीचं रक्त कमी झालं त्यात ज्यूस एकटा नव्हता. ती जेवत नाही म्हणून मी तिला दिवसाला तीन बाटल्या म्हशीचं दूध पाजत होते. दुधात लोह जवळपास नसतंच, आणि पोट भरल्यावर जेवण कुठून जाणार? डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले, ज्यूस बंद केला आणि दूध दोन छोट्या कपांवर आणलं. मग मुगाचं वरण, अंडं, नागलीची (नाचणीची) पेज यांना पोटात जागा झाली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११. नाना अजून म्हणतात, दुधानेच झालं होतं सगळं. अर्धं खरं आहे त्यांचं, पण मी त्यांच्यासमोर ते कबूल करणार नाही.

तुमच्या डॉक्टरांनी काही कारणाने रस सांगितला असेल तर त्यांचंच ऐका, माझं नको. मुलगा पांढुरका दिसत असेल किंवा माती खात असेल तर आधी रक्त तपासून घ्या. आणि हे वाचून उद्या त्याच्यापुढे अख्खी द्राक्षं ठेवू नका, गोल मणी घशात अडकतो. प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करायच्या, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. आमच्याकडे हे काम आता नानांकडे आहे, आणि ते चाकू दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.