शाळेत ऑक्टोपस, वही कोरी

"फी भरतोय इंग्लिश मीडियमची, आणि पोरगी महिनाभर कागदाचे मासेच चिकटवायलीय. लिहायला कधी शिकणार ती, मॅडम?"

हा प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा. शब्द थोडे बदलून तो माझ्याकडं दरवर्षी येतो. कधी मासे असतात, कधी फुलपाखरं. या आईची काळजी मात्र त्याच्याही पुढं गेली होती. शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलं होतं की मुलगी वर्गात बोलत नाही, चित्रातल्या प्राण्यांची नावं सांगत नाही. शेजारचा पोरगा शंभरापर्यंत लिहितो आणि हिची वही कोरी. मुलीला आज्जीबरोबर बाहेर पाठवून, आवाज खाली आणून आईनं खरा प्रश्न विचारला, "डोक्यानं कमी तर नाही ना ती?"

मुलगी साडेचार वर्षांची, एलकेजीत. घरात मराठी, गल्लीत निम्मं कन्नड, शाळेत इंग्रजी. आपल्या सीमाभागात हे काही वेगळं नाही आणि तीन भाषांमुळं पोरं मंद होत नाहीत. शाळेत त्या महिन्यात 'समुद्र' हा विषय चालला होता: भिंतीला निळा कागद, कागदी ताटल्यांचे ऑक्टोपस, माशांच्या आकाराची आकड्यांची कार्डं.

मी तिला आधी ऑक्टोपसचं चित्र दाखवलं. गप्प. मग खेकड्याचं दाखवलं आणि तोंड जे सुरू झालं ते थांबेना. पावसात काका रात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, खेकडा बिळात पळतो, नांगीत बोट धरलं की सोडत नाही, मग आज्जी रस्सा करते. एवढं सांगून तिनं मलाच विचारलं, "तुम्हाला चावलाय काय कधी?" आधी काय झालं, मग काय झालं, सगळं जागच्या जागी होतं. भाषेची शंका तिथंच मिटली. कानाची तपासणी आधीच झालेली होती, तीही ठीक होती. ही पोरगी मुकी नव्हती. जे कधी पाहिलं नाही, त्याबद्दल परक्या भाषेत बोलायला तिच्याकडं काही नव्हतं, एवढंच.

आकड्यांची गोष्ट वेगळी निघाली. वीसपर्यंत तिनं घडाघडा म्हटलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. "मला चार खडे दे" म्हटलं तर मूठभर उचलून दिले. पाच खडे ओळीत मांडून मोजायला सांगितले, नीट मोजले. "मग किती आहेत?" विचारल्यावर परत एकपासून सुरुवात. मोजताना शेवटी जो आकडा येतो तोच सगळ्या खड्यांचा आकडा, हे तिला अजून उमगलं नव्हतं. बहुतेक मुलांना ते चार वर्षांच्या आसपास उमगतं, काहींना थोडं उशिरा. साडेचारला घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण ते आपोआप येईल म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. आणि ते वहीत शंभर आकडे गिरवून तर मुळीच येत नाही. आईला म्हटलं, शेजारच्या त्या हुशार पोराकडं सात खडे मागून बघा. पुढच्या भेटीत ती हसतच आली. त्यानं पण मूठच भरून दिली होती.

आता शाळेच्या समुद्राबद्दल. मला त्यात काही वाईट दिसत नाही. वाईट दिसते ती त्यातली सजावट. तिचा ऑक्टोपस मी मागवून घेतला. आठ पट्ट्या अगदी सारख्या कापलेल्या, बाईंनी. डोळे चिकटवलेले, आईनं, रात्री साडेदहाला. मुलीनं काय केलं होतं? निळा रंग. तिला कुठंही मोजावं लागलं नव्हतं, कुठंही बोलावं लागलं नव्हतं. असा समुद्र पालकसभेत छान दिसतो. पण तोच ऑक्टोपस जरा वेगळ्या रीतीनं करता येतो. पट्ट्यांचा ढीग वर्गाच्या एका कोपऱ्यात, मूल दुसऱ्या कोपऱ्यात. "ऑक्टोपसला आठ हात लागतात. एकाच खेपेत आणायचे. कमी पडले तर लंगडा होईल, जास्त झाले तर परत ठेवून ये." आता मोजल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. मी बाईंना भेटून एवढंच सुचवलं. चाळीसेक पोरांच्या वर्गात रोज असं जमत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. आठवड्यातून दोनदा गटागटानं करून बघते म्हणाल्या आणि त्यांनी केलंही.

घरासाठी मी वेगळं काही विकत घ्यायला सांगितलं नाही. आज्जीला विचारलं, घरात कवड्या आहेत का? आज्जी एकदम सावध झाली. "यल्लम्माच्या माळंला हात लावायचा न्हाई." बरोबरच आहे. पण चौकाबारा या पटावरच्या खेळाच्या जुन्या कवड्या डब्यात पडून होत्या. कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. आमच्याकडं समुद्र नाही म्हणणाऱ्या या घरात तो देव्हाऱ्यापासून डब्यापर्यंत होता. चार कवड्या टाकल्या की किती उताण्या पडल्या हे बोट न लावता नुसतं बघून सांगायचं. तीन-चारपर्यंतची संख्या अशी नजरेनं ओळखता येणं हा पुढच्या गणिताचा पाया असतो, आणि चौकाबाऱ्याइतका त्याचा चांगला सराव मला तरी दुसरा माहीत नाही. मग "मला तीन दे", "आईला एक जास्त दे" हे खेळ रात्री जेवणानंतर. आकडे एका खेळात एकाच भाषेत म्हणायचे, एवढी एकच अट.

आठवडी बाजारात आई बांगड्याचा वाटा घेते. वाट्यात किती, घरात माणसं किती, प्रत्येकाला एक आला तर उरतात की पुरत नाहीत, हे पोरीनं सांगायचं. खेकड्याचे पाय तिनं स्वतःच मोजले. शेतातला खेकडा गोड्या पाण्यातला, पण हिशेब समुद्रातल्या भाऊबंदांसारखाच: चालायचे आठ, नांग्या दोन. "मग ऑक्टोपसपेक्षा आमचा खेकडा दोननं जास्त," हे तिचं तिनं काढलं. निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत वाढतो; काकानं तेवढी दोरी मोजून घरापासून गल्लीत ताणली आणि सगळी पोरं तिच्यावरून पावलं मोजत गेली. प्रत्येकाची पावलं वेगळी का आली यावर भांडणही झालं. असली भांडणं मला फार आवडतात.

दरम्यान आज्जीनं मला एक प्रश्न टाकला होता: "आमच्या नदीचं पाणी समुद्राला जातंय, पण कुठल्या?" खानापूरकरांना हे विचारायचा हक्कच आहे. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. दोन समुद्रांना पाणी देणाऱ्या तालुक्यातल्या पोरीला 'ओ फॉर ओशन' पाठ करायला लावायचं आणि हे सांगायचं नाही, याचं मला नवल वाटतं.

वाचन-लेखनासाठी उपाय त्याहून साधा. पोरीनं चित्र काढायचं, त्याबद्दल बोलायचं, आणि ती बोलेल तेच आईनं तिच्यादेखत खाली लिहायचं. मग शब्दाखाली बोट फिरवत दोघींनी वाचायचं. पहिलं वाक्य होतं, "खेकडा बिळात गेला, काका पडला." चार दिवसांत घरातल्या सगळ्यांना ते वाचून दाखवून झालं. सोबत आवाजांचा खेळ: 'का'नं काय काय सुरू होतं? कासव, काका, कावळा, काकडी. यातलं पाण्यात कोण राहतं? हातासाठी ताटात रवा पसरून बोटानं लाटा, गोल, उभ्या रेघा. पेन्सिलीला घाई नको, आधी कणीक मळू दे, कागद फाडू दे.

आईची अडचण होतीच. "शाळेत इंग्रजी, आणि तुम्ही मराठीत लिहायला सांगताय. गोंधळ नाही व्हायचा?" नाही होत. बोललेलं कागदावर येतं आणि कागदावरचं परत बोलता येतं, ही समज एकदाच यावी लागते. ती आपल्या भाषेत लवकर येते आणि मग दुसऱ्या भाषेतही चालते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषाच शिकवण्याची भाषा असावी असं म्हटलंय. शाळा बदला असं मी सांगितलं नाही. तो निर्णय त्या घराचा आहे.

खरी काळजी केव्हा करायची, हेही तिला सांगितलं. पाच वर्षं पूर्ण होऊनही, रोज खेळूनही, तीन वस्तू मोजून देता येत नसतील. घरच्या भाषेतली साधी दोन कामं एका दमात सांगितल्यावर कळत नसतील. बोलणं बाहेरच्यांना समजत नसेल. किंवा आधी येत असलेलं जायला लागलं असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलीत यातलं काही नव्हतं.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा सात कवड्या मागितल्यावर सातच दिल्या, आणि "किती?" विचारल्यावर परत न मोजता "सातच की" म्हणाली. वर्गात बोलते, पण बाईंच्या जवळ जाऊन, हळू. शंभरापर्यंत लिहीत नाही. आईला ते अजून थोडं बोचतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

पुढच्या महिन्यात शाळेत जंगल आहे. त्यासाठी खानापूरच्या माणसांनी माझ्याकडं यायची गरज नाही, असं मी आज्जीला सांगितलं.